फुंकर

पुण्याहून आलेल्या केतकी मॅडमनी
आम्हा बावीस जणांना
चार रंगांत निवडलं.

लातूर एमआयडीसीतली डाळ मिल,
मागच्या शेडमध्ये पोत्यांवर सतरंजी,
हातात दोन पानं, चाळीस प्रश्न.
'नवं काम समोर आलं की तुम्हाला काय वाटतं?'
खाली चार चौकोन, एकावर खूण.

मला वाटतं,
आधी जुनं नीट होऊ द्या.
असा चौकोन नव्हता.
मी पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा केलं,
बहुतेक तेवढ्यावरूनच
निळा निघालो.

निळा म्हणजे सावध,
दोनदा तपासणारा, बदलाला उशिरा हो म्हणणारा.
एकवीस वर्षं वजनकाट्यावर बसतोय.
भरला ट्रक तोला, रिकामा तोला, वजाबाकी लिहा.
मॅडमनी काट्याच्या काचेवर
एक निळी टिकली चिकटवली.

इस्माईल फोरमन तांबडा, धडाडीचा.
नागनाथ पिवळा, कारण तो हसला.
फुलाबाई गायसमुद्रे हिरवी,
सगळ्यांना सांभाळून घेणारी.
ती म्हणाली,
'सांभाळून न्हाई बाई, मुकाट्यानं.
त्याला कोणता रंग हाय तुमच्याकडं?'
मॅडम पानं चाळत राहिल्या.

पुढच्या सोमवारी क्रेननं यंत्र उतरवलं.
वरून धारेनं डाळ पडते,
पापणी लवायच्या आत कॅमेरा दाणा बघतो,
काळा, डागी, साल न सुटलेला,
आणि बाजूनं हवेची एक फुंकर
त्याला धारेतून उडवते.
टक.
सहा बायकांचा अख्खा दिवस
पाऊण तासात.
टक टक टक.

धडाडीचा इस्माईल
तीन दिवस त्या शेडकडे फिरकला नाही.
बाहेर भुशाच्या ढिगावर तंबाखू मळत म्हणाला,
'रोलर आजारी पडलं की मला कानानं कळतं.
ह्याला कानच लागत न्हाई.'
त्याचा हात तेव्हा थरथरत होता,
हे कुठल्या पानावर आलं नसतं.

हसरा नागनाथ पहिल्या पाळीला सगळ्यांच्या पुढे,
दुसऱ्या पाळीला रडकुंडीला,
गुरुवारी सोलापूरला, भावाकडे. अजून आला नाही.

फुलाबाईनं उडवलेल्या दाण्यांच्या पोत्यात हात घातला,
ओंजळभर सुपात घेतले, पाखडले,
दोन बोटांनी सरकवले.
'ह्यात निम्मी चांगली हाय की.
लई चिकित्सा करलालंय हे.'
इंदूरचा इंजिनिअर हसला.
तिनं सूप त्याच्या नाकापुढे धरलं,
तो वाकून बघेपर्यंत
धरून ठेवलं.

मी ते पोतं काट्यावर घेतलं.
दोनदा. निळाच ना मी.
गेल्या हंगामाची वही काढली,
रोजची घट शेजारी शेजारी मांडली,
आणि कुणी बोलावलं नसताना
मालकाच्या केबिनचा जिना चढलो.
अकरा पायऱ्या आहेत.
एकवीस वर्षांत मोजल्या नव्हत्या.
आत घसा कोरडा पडला,
म्हणून आकडाच बोलू दिला.

आता फुलाबाई पडद्यापुढे बसते.
बोट पदराला पुसून मग काचेला लावते,
यंत्राचा डोळा कधी सैल करते, कधी कडक.
उडालेली डाळ दुसऱ्या फेरीला पुन्हा वर जाते.
बाकीच्या पाच जणींना
दुसरी फेरी मिळाली नाही.
महानंदा बसस्टँडमागे भाजी विकते,
मला बघून जुडी थोडी मोठी बांधते,
आणि मी पैसे मोजून देताना
वर बघत नाही.

रात्री झोप लागता लागता
कानात एखादी टक येते.
कोण उडालं, म्हणून उठून बसतो.

काचेवरची टिकली
एप्रिलच्या उन्हात पांढरी पडली.
नवी कुणी लावली नाही.
मीही मागितली नाही.
ट्रक आलाय, औराद शहाजानीचा.
भरला तोलायचा आहे.