आटे

पेठ रोडच्या टाकीखाली, पहाटे चार चाळीसला
माझी चावी जमिनीत उतरते.
चावी म्हणजे साडेचार फुटांची लोखंडी दांडी,
दोन्ही हातांनी, छाती लावून फिरवायची.
फुलेनगरच्या लायनीला बावीस आटे.
एकविसाव्याला पाणी बोलायला लागतं,
बावीस झाले की गल्लीत हंडे.
एकोणीस वर्षं मोजतोय.

त्या मंगळवारी पहिल्या दोन बादल्यांना वास होता.
"सोडून द्या पहिलं पाणी," मी म्हणालो,
नेहमी म्हणतो तसं.
नाल्यापाशी एक जोड आहे, गटाराच्या पोटात,
त्याला सायकलची ट्यूब मीच गुंडाळलेली.
पाणी चालू असलं की तो बाहेर थुंकतो,
बंद झालं की आत ओढून घेतो.
हे मला ठाऊक होतं.
रजिस्टरात तीनदा लिहिलंय, निळ्या पेनाने.

गुरुवारपर्यंत सात घरं.
अंबडच्या कंपनीतला सुदाम म्हणाला, लग्नातली बासुंदी बाधली.
रुंजाबाई म्हणाली, दृष्ट.
आमच्यात म्हणाले, पोरीला दात येताहेत.
आठ महिन्यांची नात माझी, ईश्वरी.
नऊ वेळा, दहा वेळा,
मग मोजणं सुटलं. माझं!

बायको म्हणाली, पाणी तोडा तिचं,
पाजाल तेवढं बाहेरच येतंय.
मला पटलं.
गळती दिसली की आधी व्हॉल्व्ह बंद,
दुसरं काय शिकलो होतो मी?

दुपारी टाळूला हात लावला.
रोज तेल जिरवायचो तिथं खड्डा,
खालची माती वाहून गेल्यावर रस्ता खचतो तसा.
रडत होती,
डोळे कोरडे.
पोर आटत चाललं होतं.

आशाताई निकुळे चप्पल न काढताच आत आली.
पोटाच्या कातडीची चिमूट घेतली, सोडली.
चिमूट बसायला वेळ लागला.
पाळण्याखालची दुधाची बाटली उचलून
बूच माझ्या नाकाशी धरलं. काही बोलली नाही.
मग पाकीट फाडलं :
उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, अख्खं पाकीट,
अर्धंमुर्धं नाही. वाटी नि चमचा.
ओकली तर दहा मिनिटं थांबा, मग आणखी हळू.
सुने, अंगावरचं तोडू नकोस.
ही जस्ताची गोळी, रोज एक, दुधात विरघळवून, चौदा दिवस,
जुलाब थांबले तरी चौदा.
शीत रक्त दिसलं, पोर झोपाळलं, पिईना,
तर मला शोधत बसू नका, रिक्षा करा, सिव्हिल गाठा.

जाता जाता म्हणाली,
"गळतंय म्हणून बंद करता, काका?
गळेल तेवढं भरायचं असतं."

रात्रभर चमचे मोजले.
एकशे चाळीस. एकशे साठ.
तीनच्या सुमाराला लंगोट ओला झाला,
नुसता लघवीने.
बायको त्या ओल्या फडक्याला हात लावून रडली.

चार चाळीसला चावी घेऊन गेलो.
उतरवली.
एकही आटा फिरवला नाही.
झाकणावर बसून राहिलो.
पाचला शिव्या, सव्वापाचला साहेबांचा फोन :
पाणी का नाही फुलेनगरला?
"लायनीत गू आहे, साहेब."
एकोणीस वर्षांत हा शब्द मी
फोनवर वापरला नव्हता.

टँकर आला. दुपारी जेसीबी आला.
जोडाशी बुडबुडे निघाले, आणि माझी ट्यूब,
काळी, फुगलेली.
सुदामला दोन बाटल्या सलाईन लागलं,
तो अजून बासुंदीच म्हणतो.

आता मोरीत फाटक्या मोज्यात साबण टांगलाय.
संडासातून आल्यावर, पोरीचं धुतल्यावर, कणकेला हात लावायच्या आधी.
बायको माझी नखंसुद्धा तपासते.
पाणी खळखळून उकळतो, आटवत नाही.

रजिस्टर परवा पुन्हा उघडलं.
माझ्या तिन्ही ओळींखाली
लाल शाईत एकच शब्द, तीनदा :
पाहिले. पाहिले. पाहिले.

टाळू भरत आलीय.