पोटाखालची पायरी

दिवसा मी पॅटर्न करतो.
सागवानात पंपाचं पोट, व्हॉल्व्हची मान,
आणि मोजपट्टी माझी खोटी, शंभराला एक जास्त,
कारण लोखंड निवताना आकसतं
आणि गिऱ्हाइकाला आकसलेलं चालत नाही.
उद्यमनगरात हे पोराटोरांनाही ठाऊक.

रात्री साडेनवानंतर, भट्ट्या गप्प झाल्या की
त्याच बाकावर, त्याच पटाशीनं
कुणीच न केलेली विमानं करतो.
एकास बहात्तर. जेट. लढाऊ.
आणि पाण्यावरून उठणारी,
कारण धावपट्टी काढायला वहीचं पान पुरलं नाही.
(हे आपलं सांगायला. खरं कारण मला माहीत नाही.)

दोन वर्षं एकाच जागी चुकत होतो.
हवा ओढायची तोंडं पोटाशी ठेवायचो,
देखणी, माशाच्या कल्ल्यांसारखी.
हे खरंच सुटलं असतं तर
पहिल्याच फवाऱ्याला इंजिन पाणी पिऊन मेलं असतं.
नसलेलं इंजिन,
तरी त्या रात्री जेवण गेलं नाही.
मग तोंडं पाठीवर नेली, पंखांच्याही वर.
आता वशिंड फुटलेल्या रेड्यासारखं दिसतं.
दिसू दे. भिजणार नाही.

दुसरी गोष्ट पायरी.
पाणी सोडत नाही हो, चिकटतं.
पोट गुळगुळीत असलं की जास्तच.
म्हणून मध्यावर एक खाच ठेवायची, तुटक,
जिथं पाणी वळायला बघतं
आणि त्याचा हात सुटतो.
दीड मिलिमीटर.
जन्मभर पॉलिशपेपर घासलेल्या माणसाला
मुद्दाम तुटकं ठेवणं किती जड जातं
ते मी फक्त दस्तगीरला सांगितलं.

दस्तगीर मुल्लाणी, शेजारचा लेथवाला.
नाकाचा शंकू पितळेत त्यानंच काढून दिला,
फुकट, म्हणजे दोन चहांवर.
बोटांत फिरवत म्हणाला,
"लढाऊ म्हनतोस. मग लढायचं कुनासंगं?"

मी वही चाळली.
इंधन होतं, वजन होतं, घडीचे पंख होते,
तळ होता, रंकाळा, संध्यामठाच्या अंगाला
(बहात्तरनं भागला की तो आमच्या गल्लीत मावतो),
तुकडीचं चिन्हही होतं, पाणकोंबडी.
शत्रूचं पान नव्हतं.
"ऱ्हायलं," म्हणालो.
"ऱ्हाऊ दे की," म्हणाला, आणि लेथवरचा बल्ब घालवला.

रंग समुद्राचा द्यायचा होता, करडा निळा,
वर मिठाचे पांढरे ओघळ.
समुद्र मी तीनदा पाहिलाय, घाट उतरून,
तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला.
मीठ काही जमेना. ब्रश आपोआप
केंदाळाच्या हिरव्याकडे जायचा.
पाणरेषेपर्यंत तोच राहू दिला.

काल वैमानिक बसवला. चोवीस मिलिमीटर,
मिशी दस्तगीरची.
आणि आज सहज पंख मोजले
तर एकशे चाळीस हवेत तिथं एकशे एक्केचाळीसच्या वर.
नाक मोजलं, शेपूट मोजलं. सगळंच शंभराला एक जास्त.
सवयीनं दिवसाचीच पट्टी हातात आली होती,
निवताना आकसेल त्याची जागा धरून
मी अख्खं विमान केलं.

डिसेंबरची रात्र आहे, बाक गारठलाय,
अजून तरी ते तेवढंच आहे.