अधीन राहून

सोहारच्या बाजारात, कलिंगडांच्या पिकअपशेजारी
काचेचं एक दुकान आहे, पाटीवर अरबीत लिहिलंय: सनद.
लोक इथे सरकारी कागद टाइप करून घ्यायला येतात.
पहिल्यांदा कुणी वाचून दाखवलं तेव्हा हसलो होतो.
आमच्या बाणकोटाकडे सनद किल्लेदाराला मिळायची,
नाहीतर वकिलाच्या भिंतीवर फ्रेममध्ये.

आज टोकन एकसष्ट.
टायपिंगवाली शैखा मोडक्या हिंदीत विचारते,
किती वर्षांचा दाखला, सारंग?
सगळ्या. सव्वीस.
आणि मुलीचा?
अठरा. म्हणजे तिच्याही सगळ्याच.

मिस्बाहला नीटमध्ये पाचशे एकाहत्तर.
तिकडचा प्रवेश कक्ष म्हणाला,
दहावी राज्यातली नाही, बारावी राज्यातली नाही,
सबब उमेदवार अपात्र.
सबब.
शाळा बुडवली की मी हा शब्द शोधायचो,
सरकारला तो तयारच सापडतो.

अनिवासी कोट्यातून या, फी पाचपट.
तो आकडा एका रात्री टगच्या लॉगबुकात मागे मांडला,
मग पान फाडलं.
लॉगबुकाचं पान फाडणं गुन्हा आहे.

इथल्या विद्यापीठात आधी इथली मुलं.
बरोबरच आहे ते.
शैखाची स्वतःची नर्सिंगची जागा
दोन टक्क्यांनी गेली, तिनेच सांगितलं,
स्टेपलर शोधता शोधता.

गुंजाळ वकीलबाईंनी याचिकेत लिहिलं:
याचिकाकर्ती ही मूळची मौजे वेसवी, तालुका मंडणगड.
मी पासपोर्टचे शिक्के मोजले.
मूळची मुलगी वेसवीला एकूण एकशे चार दिवस राहिली,
त्यातले अकरा तापात.
पात्र हा शब्द आम्हाला सावित्रीपुरता ठाऊक.
ओहोटीला अर्ध्याहून जास्त चिखल,
होड्या आडव्या पडलेल्या,
तरी लोक त्याला पात्रच म्हणतात, आणि भरतीची वाट बघतात.

सुनावणी बुधवारी. तिकडे साडेअकरा, इथे दहा.
आमचा टग लोहखनिजाच्या जहाजाला धक्क्याकडे रेटत होता.
फोन खिडकीला टेकवून ठेवला.
न्यायमूर्तींचा खोकला आला, रेंज गेली,
मग सरकारी वकील:
हे लोक कमावतात तिकडे आणि जागा मागतात इकडच्या.
तिकडे म्हणजे मी.
खालून खलाशी ओरडला, दोर सोडू का?
थांब, म्हणालो,
दोघांनाही.

आदेश संध्याकाळी आला. नऊ ओळी.
तात्पुरता प्रवेश द्यावा,
अंतिम निकालाच्या अधीन राहून.
त्यायोगे कोणताही हक्क निर्माण होणार नाही.
वास्तव्याचे पुरावे चार आठवड्यांत दाखल करावेत.
सफूरा म्हणाली, म्हणजे हो की नाही?
मी खिशातून माझा बताका काढला,
त्यावरची तारीख तिच्यासमोर धरली.
दर दोन वर्षांनी संपणारी,
आणि दर दोन वर्षांनी आपण नवा कुकर घ्यायचं लांबवलेलं.
याला हो म्हणतात, सफूरा.
आपण सव्वीस वर्षं याच्यावरच राहिलो.

ती काही बोलली नाही.
तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

प्रिंटर आता घरघरतोय.
अठरा वर्षांना चार पानं लागली,
शेवटचं जवळजवळ कोरं.
शैखा शिक्का दाबते, फुंकर घालते,
जणू शाई नाही, चहा आहे.

शेजारी मिस्बाह मांडीवर कॉलेजचा फॉर्म घेऊन बसलीय.
कायमचा पत्ता तिने पेन्सिलीने लिहिलाय.
अब्बा, ती म्हणते,
पुढची तारीख मार्चची आहे,
शरीरशास्त्राची परीक्षाही मार्चमध्येच.
एकाच दिवशी आल्या
तर मी कुठे हजर राहू?

टोकन बासष्ट,
यंत्र पुकारतं,
आणि आम्हाला खुर्च्या सोडाव्या लागतात.