तिसरा रकाना

हैदराबादच्या डॉक्टरनं कागदावर आतडं काढलं,
पेनानं टोचून टोचून त्याला भोकं पाडली.
म्हणाला, गव्हातलं, दुधातलं पुरतं तुटत नाही याच्या पोटात,
अर्धे तुकडे रक्तातून वर जातात,
मेंदूत बसतात अफूसारखे.
म्हणून हाक मारली तरी वळत नाही.
मी विचारलं, हे पक्कं का?
तर म्हणाला, काही जण मानतात.
सहा महिने करून बघा. वहीत लिहा.

वहीत तीन रकाने. वार, खाल्लं, फरक.

विडी घरकुलात सगळ्यांनाच औषध ठाऊक.
नरसूबाई म्हणाली, म्हशीचं नको तर शेळीचं दे की.
जाऊ म्हणाली, दृष्ट आहे, उतरव.
बिनगव्हाच्या पिठाचा डबा पुण्याहून मागवला,
एका डब्याला किती हजार विड्या
ते माझ्या पिवळ्या बोटांनीच मोजलं.

आणि श्रीहरीला हवं फक्त बिस्किट.
तेच एक, कडेला दातरे असलेलं,
पुडा डावीकडूनच फोडायचा.
ते बंद केलं, तर भिंतीवर डोकं आपटून घेतलं.
शेजारचे माग पाळी संपल्यावर थांबले,
हा थांबला नाही.
वहीत लिहिलं: मंगळवार. पाणी.

चौथ्या दिवशी माझ्या ताटातली कडक भाकरी उचलून
त्यानं कानाशी मोडली.
कट्.
परत. कट्.
आधी ऐकली, मग खाल्ली.
पुण्याचा डबा फळीवर, न उघडलेला,
आणि ज्वारी तर आजेसासूपासून घरात!
मी मोठ्यानं हसले. तो दचकला.

आता रोज एक भाकरी ऐकतो, अर्धी खातो,
उरलेले तुकडे चादरीच्या चौकड्यांवर मांडतो,
एका घरात एक.
रिकामं घर चालत नाही.
पोट साफ. झोप जरा बरी.
डोळ्यांत बघतो का?
जाऊ म्हणते, हो. नवरा म्हणतो, तुला वाटतं.

रात्री सगळे निजले की
पानांच्या गठ्ठ्यामागं लपवलेला पुडा
मी डावीकडून फोडते,
पाण्यात बुडवून खाते, आवाज नको म्हणून.
माझं पोट सगळं तोडतं, डॉक्टर.
पुरतं.

उद्या सहा महिने भरतात.
तिसऱ्या रकान्यात शाई कमी.
कुठं हसला, कुठं नुसतं प्रश्नचिन्ह,
एका गुरुवारी शेंगाचटणीचा तेलकट ठसा,
त्याच्या बोटाचा.
तो खाल्ल्यात धरायचा की फरकात,
विचारणार आहे.