बटवडा

जूनमध्ये स्ट्रॉमनेसला रात्र पुरती होतच नाही.
अकराला समुद्र राखाडी,
दोनला जरा जास्त राखाडी, इतकंच.
एडविननं खिडकीवर काळं कापड ठोकून दिलंय,
चार खिळे, त्यातला एक वाकडा.
त्या वाकड्या खिळ्यापाशी उजेडाची चीर आहे,
तिच्याकडे बघत मी पडलेय.

लोक म्हणे मेंढ्या मोजतात.
इथं मेंढ्या कुंपणापलीकडेच आहेत, खोकतातसुद्धा.
त्यांना काय मोजायचं?
मी माझा जुना बटवडा करते.
एकवीस वर्षांची वाट :
धक्का, मग फरसबंद गल्ली,
रेंडलबाईंचं निळं दार, टपालाची फट पार खाली,
वाकावं लागतं.
मनातल्या मनात वाकले
तरी कमरेतून कळ जाते.
हा मात्र शुद्ध अन्याय आहे.

पुढे लिंकलेटर. पेन्शनचं पाकीट, तापट कुत्रा.
मग चढ.
चढावर मांड्या पेटतात, बोटांची पेरं ठणकतात,
चादरीची एक चुणी पाठीखाली
दोरखंडाएवढी होते.
कूस बदलते. वाट चुकते.
परत धक्क्यापासून.

झोप येत नाही असं नाही हो.
येते, आणि काहीच न देता जाते.
ॲबर्डीनला डोक्याला तारा चिकटवून निजवलं मला.
सकाळी तो पोरगेला डॉक्टर म्हणाला,
सात तास दहा मिनिटं झोपलात की तुम्ही!
मग कागदावर बोट ठेवून जरा थांबला :
इथं गाढ झोपेतच जागेपणाच्या लाटा मिसळल्यात.
म्हणजे सगळं घर निजलंय
आणि स्वयंपाकघरातला दिवा
कुणी मालवलाच नाही.
रडू आलं मला, बरं वाटून.
त्या दिव्याखाली मी सहा वर्षं बसलेय,
त्याचा फोटो पहिल्यांदाच पाहिला.

बाकी सगळ्यांना एकच दिसतं, थोरा झोपली होती.
बहीण फोनवर म्हणते, आम्हीही दमतो गं.
दमत असतील.
मी निजून उठल्यावर दमते,
रात्रभर कुणाची तरी बटाट्याची पोती
उतरवून आल्यासारखी,
आणि मजुरी मागायची कुणाकडे तेही ठाऊक नसतं.

साडेचार. भिंतीपलीकडे एडविनची कॉट कुरकुरते.
गादी हलू नये म्हणून तो तिकडे निजतो,
आता बोटीचे दोर सोडायला निघेल.
मोज्यांवरच आत येतो.
मी डोळे मिटते, श्वास लांबवते,
हे आता छान जमतं मला.
तो खिडकीपाशी काहीतरी खुडबुड करतो,
खिशातून माझी पोस्टाची लाल टोपी काढून
त्या चिरेत कोंबतो.
खांद्याकडे आलेला हात
तसाच मागे नेतो. शिकलाय.

अंधार. चांगला, दाट, लोकरीचा वास असलेला.
मी धक्क्यापासून निघते.
निळं दार. कुत्रा. चढ.
भोंगा वाजला तेव्हा
एकेचाळीस नंबरच्या पायरीवर होते,
हातात पाकीट,
नाव वाचायचं राहिलं.