गुरुवारी गिरणी बंद

खाली खुटवडांची गिरणी, वर आमची अभ्यासिका.
मधल्या तक्तपोशीच्या फटींतून
गव्हाचा गरम वास वर येतो
आणि टेबलावर, पुस्तकावर, माझ्या चष्म्यावर
पिठाचा एक पातळ थर बसतो.

सदाशिव पेठेतल्या या गल्लीत वर बसणारे सगळे राज्यसेवेवाले.
पिवळ्या-हिरव्या पेनांनी ओळी रंगवतात,
एका वडापावात दुपार काढतात.
त्यांच्यात मी, सेहेचाळीस वर्षांची,
सकाळी लोकांची रिटर्न्स भरणारी.
परंड्याच्या निवृत्तीनं पहिल्याच दिवशी विचारलं,
"काकू, कोणती पोस्ट?"
म्हटलं, "कुठलीच नाही."
त्यानं जरा विचार करून
खिडकीजवळची खुर्ची मला दिली.

पुस्तक एकच. कुठल्याही परीक्षेला नसलेलं.
तिसऱ्या पानावर मी एकोणीस दिवस होते.
वाक्यं अशी, की क्रियापद येईपर्यंत
कर्ता कोण होता तेच विसरायला व्हायचं.
मग परत मागे जायचं,
जत्रेत हात सुटलेल्या पोराला शोधावं तसं
त्या कर्त्याला शोधायचं,
बोट धरून पुन्हा निघायचं.

फोन मी खालीच ठेवते.
रिकाम्या डब्यात घालून
डबा रांगेत, नाव वर करून.
खुटवड पहिल्यांदा झाकण उघडून बघत म्हणाले,
"जाड की बारीक?"

खाली पट्टा फिरायचा, वर टेबल थरथरायचं,
अक्षरं हलायची,
आणि त्या घरघरीत माझं लक्ष
हळूहळू बसायला लागलं,
दुधावर साय बसते तसं, कुणी न बघता.

पण गुरुवारी गिरणी बंद.
गुरुवारी इतकी शांतता, की पेनांची टोपणं ऐकू येतात.
मला वाटलं होतं, आज दहा पानं.
झालं काय, तर आईच्या इन्सुलिनची वेळ,
गोडबोल्यांचं चलन,
सतरा वर्षांपूर्वी नणंद जिन्यात जे बोलली
त्याला आज सुचलेलं चोख उत्तर.
एक ओळ नाही.

शेवटी पुस्तकात बोट ठेवून खाली उतरले.
खुटवड एकटेच. वरचा दगड उलथून ठेवलेला,
हातात छिन्नी, भुवयांवर पांढरं.
"पोरानं काल रिकामी चालवली," म्हणाले.
"धान्य संपलं, याचं ध्यान नाही.
दगडानं दगड खाल्ला."
मग फुंकर मारून, खाच चाचपत,
"तसंही टाकवावं लागतंच.
गुळगुळीत दगड नुसता तापतो,
पीठ होत नाही."

मी काही बोलले नाही.
इतके दिवस मला वाटत होतं,
हे पुस्तक म्हणजे धान्य. दळायचं, डबा भरायचा,
घरी न्यायचा.
बोट तसंच पानात होतं,
त्याला कड रुतत होती.

वर आले. खालून टक, टक, टक.
निवृत्तीनं मान वर केली.
"काकू, आहे काय त्या पुस्तकात?"
"अजून कळलं नाही."
"मग?"
"मग बसते."
तो हसला नाही. त्याचा निकाल सोमवारी होता.
थोड्या वेळानं त्यानं पेनांची टोपणं लावली
आणि नुसताच वाचत बसला, न रंगवता.

चौदावं पान. त्या वाक्याचं क्रियापद
अकराव्या ओळीत आलं.
मी थांबले होते तिथे, कर्त्याचं बोट धरून.
कुणासाठी इतकं थांबल्याचं
मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी डबा खालीच विसरले.
शुक्रवारी खुटवडांनी झाकण उघडून फोन हातात दिला,
"घ्या, बारीक दळलाय."
त्याच्या जाळीत पीठ गेलंय. दुरुस्तीला टाकलेला नाही.
तेव्हापासून सगळ्यांचे आवाज
जरा लांबून येतात.