निरंक

जमिनीतून आवाज येतो आमच्या गावात.
पाहुण्यांना सांगावं लागत नाही,
त्यांच्या हातातली कपबशीच सांगते.

पूर्वी तहसीलचा माणूस यायचा दोन दिवसांनी.
भिंतीला चीर गेली असेल तर पंचनामा.
नुसत्या आवाजाचा कसा करणार?
तो चहा पिऊन वसमतला परत.

मग नांदेडहून शाहीन मॅडम आल्या,
अकरा मोबाइलांत अकरा अ‍ॅप टाकून म्हणाल्या,
आता तुम्हीच संशोधक.
केवळाबाईनं विचारलं, पगार किती?
मॅडम हसल्या नाहीत.
नाही म्हणाल्या, पगार नाही.
तिथंच माझा विश्वास बसला त्यांच्यावर.

माझी पिठाची गिरणी. दहा हॉर्सपॉवरची मोटर.
ती चालू असली की खांबसुद्धा थरथरतो,
तरी फरक कळायला लागला हळूहळू:
जात्याची थरथर मनगटातून वर चढते,
जमिनीची टाचेतून.
हे कुठल्या पुस्तकात आहे का, विचारलं.
मॅडमनी वही काढली आणि लिहून घेतलं.

अ‍ॅप विचारतं: सौम्य, मध्यम की तीव्र?
दिगांबर म्हणतो, पुलावरून रिकामी ट्रॉली गेल्यावानी.
केवळाबाई म्हणते, कणगीला कुणी आतून बुक्की मारल्यावानी.
नागोरावांना दिसत नाही, ते मान कलती करून सांगतात,
आज तिनं नुसता घोट गिळला, बाई.
घोट कोणत्या खान्यात टाकू?
मध्यम दाबलं.
शेऱ्याला पन्नास अक्षरं, त्यात घोट मावला,
नागोरावांची मान मावली नाही.

किल्लारी झाली तेव्हा मी दुसरीत होते.
तेव्हापासून आवाज झाला की अंगणात पळायचं,
एवढंच गावाला माहीत.
आता अकरा जण आधी घड्याळ बघतात.
मीही बघते.
एका रात्री, दोन वाजून सतरा मिनिटांनी,
पत्रे वाजले, हंडा उतरंडीवरून गडगडत आला,
आणि मी आधी वेळ दाबली,
मग नातीला उचललं.
हे कुणाला सांगितलं नाही.
शेऱ्यातही नाही.

वर्षानं नकाशा आला, रंगीत, चकचकीत कागदाचा.
आमचं गाव म्हणजे ठिपका क्रमांक सदतीस.
खाली बारीक अक्षरात, नागरिकांच्या सहभागातून.
ग्रामपंचायतीत चिकटवला.
नागोराव म्हणाले, माझा घोट कुठंय यात?
मुनव्वरनं पंक्चरच्या काळ्या हातानं
त्यांचं बोट धरून ठिपक्यावर ठेवलं.
कागद गुळगुळीत लागतोय की, म्हणाले,
आणि हात काढून घेतला.
ठिपक्यावर काळा ठसा राहिला, तो अजून आहे.

मग आवाज थांबला.
हळद काढून झाली, शिजली, वाळली, बाजारात गेली,
बेचाळीस दिवस.
मॅडमचा फोन: ताई, नोंदी बंद केल्या का तुम्ही लोकांनी?
म्हणलं, नोंदी नाही, आवाज बंद आहे.
आम्ही रोज ऐकायलोत.
पण काहीच झालं नाही, हे सांगायला
तुमच्या अ‍ॅपात जागा कुठंय?

फोनवर शांतता. मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणाल्या, चूक आमची.
तिकडं यंत्राला वाटत होतं सदतीसमध्ये माणसंच नाहीत.

आठवड्यानं नवा खाना आला. काय नाव द्यायचं
तेही विचारलं होतं त्यांनी.
काहींना 'शांत' हवं होतं.
केवळाबाई म्हणाली, शांत कशाला, आतलं कुणी पाहिलंय?
ग्रामसेवकाच्या कागदावर असतं तेच टाका:
निरंक.

आता रात्री मोटर बंद करते.
पट्टा थांबतो, पीठ खाली बसतं.
नागोराव ज्वारीच्या डब्यावर बसलेले असतात.
चप्पल काढून टाच फरशीवर टेकवते,
अंगठा निरंकवर नेते.
थांब, ते म्हणतात.
घाई करू नको.
मी अंगठा तसाच वर धरते.